दोन सूत जागा

ऑर्डरचं फर्निचर करणारा सुतार लाकडाला हात लावण्याआधी पुष्कळ चौकश्या करतो, आणि त्यांतल्या बऱ्याचशा गिऱ्हाइकाला जरा खाजगीच वाटतात. खुर्चीत कोण बसणार? गुडघे दुखतात का? देव्हाऱ्यात देव किती, आणि सगळ्यांत उंच मूर्ती कुठली? पूजा बसून होते की उभ्यानं? साड्या घडी घालून ठेवणार की टांगून? रत्नागिरीकडचे एक मेस्त्री माझ्या परिचयाचे आहेत. माप घ्यायला आले की ते टेप खिशातच ठेवतात आणि आधी चहा घेतात. चहा संपेपर्यंत घरात कोण कुठे टेकतं, उठताना कशाचा आधार घेतं, चष्मा आणि औषधं कुठे ठेवतं, हे त्यांचं बघून झालेलं असतं.

बाजारात जेवणाच्या टेबलाची उंची ३० इंच आणि खुर्चीच्या बैठकीची १७-१८ इंच धरलेली असते. मापं वाईट नाहीत, पुष्कळांना चालतात. पण पावणेपाच फुटांच्या आजीबाई त्या खुर्चीत बसल्या की टाचा जमिनीला लागत नाहीत, बैठकीची कड मांडीखाली रुतते, आणि थोड्या वेळानं त्या उठून खाली पाटावर जाऊन बसतात. घरातले म्हणतात, आजीला जुनीच सवय. सवय कसली, खुर्ची दोन इंच उंच झाली आहे एवढंच. मेस्त्री अशा वेळी अंगणातला एखादा चिरा उचलून आणतात, त्यावर फळ्यांचे तुकडे रचतात आणि म्हणतात, “काकू, बसा बघू.” मग एक तुकडा काढून पुन्हा बसायला लावतात. टाचा टेकल्या आणि मांडीखालून बोटं मोकळी फिरली की तो ढीग मोजायचा. गुडघे दुखत असतील तर मात्र सगळं उलटं होतं, कारण बुटक्या बैठकीवरून उठणं जास्त जड जातं. तेव्हा बैठक थोडी उंचच ठेवायची, पायाखाली पाट द्यायचा आणि खुर्चीचे हात पुढे काढायचे, म्हणजे धरून उठता येतं. हे सगळं कुठल्या तक्त्यात लिहिलेलं मला तरी दिसलेलं नाही.

टेपवर इंच आणि सेंटिमीटर दोन्ही छापलेले असले तरी सुताराच्या तोंडी असतं सूत. आठ सुतांचा एक इंच. “सोळा इंचाला दोन सूत कमी”, “एक सूत दाबून घे”, अशी त्यांची बोली चालते. या हिशेबातली सर्वांत अवघड मापं मात्र लाकडाची नसतात. ती लाकूड जिथे नाही तिथली, म्हणजे मोकळ्या जागेची असतात. सुतारकाम म्हणजे दोन फळ्या घट्ट जोडणं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. घट्ट जोडणं तसं लवकर शिकता येतं. कुठे, किती आणि कोणत्या ऋतूत सैल सोडायचं, हे शिकायला जन्म जातो.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. झाड तोडून शंभर वर्षं झाली तरी ते हे करतच राहतं. ओलावा घेतला की फुगतं, सोडला की आटतं. पण सगळ्या बाजूंनी सारखं नाही. लांबीत ते जवळपास हलत नाही. रुंदीत हलतं, आणि त्यातही झाडाची वर्तुळं जिकडे वळतात त्या दिशेला जास्त, म्हणजे गाभ्यापासून सालीकडे जेवढं हलतं त्याच्या साधारण दुप्पट. साग या बाबतीत फार गुणी समजला जातो आणि त्याची किंमतही त्यासाठीच मोजायची असते. तरी तीन फूट रुंदीचा सागाचा फळा कोरड्या दिवसांतून भर पावसात गेला की दोन सूत, म्हणजे पाव इंच, सहज वाढू शकतो. ही वाढ खिळे ठोकून किंवा डिंक लावून थांबवायची म्हटली तर फळा आधी कुरकुरतो, मग वाकतो आणि शेवटी चिरतो.

म्हणून जुन्या दारांच्या दिलह्यांकडे एकदा नीट पाहावं. दाराची चौकट उभ्या-आडव्या जाड पट्ट्यांची असते, एकीचं कुसू दुसरीच्या खाचेत बसवून लाकडी खुंटी मारलेली. ती चौकट पक्की. पण तिच्यामधला दिलहा कशालाही चिकटवलेला नसतो. चारी बाजूंच्या खोबणीत तो नुसता बसलेला असतो, आणि खोबण त्याच्या गरजेपेक्षा थोडी खोल कोरलेली असते. पावसाळ्यात तो खोबणीत पसरतो, उन्हाळ्यात मागे सरतो. चौकटीला त्याचा पत्ताही लागत नाही. दार शंभर वर्षं सरळ राहतं ते या ढिलाईमुळे. एक बारीक गोष्ट आणखी. चांगला सुतार दिलह्याला पॉलिश आधी करतो आणि मग तो चौकटीत बसवतो. आळशी सुतार सगळं जोडून मग वरून हात फिरवतो. दोन्ही दारं दिवाळीत सारखीच दिसतात. पुढच्या चैत्रात दिलहा आटला की आळशाच्या दाराच्या कडेनं कोऱ्या लाकडाची फिकट रेघ उघडी पडते आणि बिंग फुटतं.

टेबलाचंही तेच. वरचा फळा खालच्या पट्ट्यांना डिंकानं चिकटवून चालत नाही. आतल्या बाजूनं लहान लहान ठोकळ्या खाचेत अडकवून तो धरायचा, म्हणजे खाली दाबलेला राहतो आणि आडवा सरकायला मोकळा राहतो. हे गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही. त्याला दिसतात फटी, आणि फट दिसली की त्याला काम कच्चं वाटतं. कोकणात तर पंचाईत अशी की सगळ्यांना फर्निचर हवं असतं गणपतीच्या आत. मुंबईचे पाहुणे यायचे असतात, नव्या खुर्च्या मांडायच्या असतात. म्हणजे ज्या महिन्यांत लाकूड पोटभर पाणी पिऊन फुगलेलं असतं नेमक्या त्याच महिन्यांत सुताराच्या कारखान्यात सर्वांत जास्त कामं चाललेली असतात. श्रावणात जे घट्ट बसवायचं ते पुढे थंडीत आपोआप मोकळं होणार आहे, हे धरून बसवायचं. आणि वैशाखात जे करायचं त्यात पावसासाठी जागा राखायची. वैशाखातलं गिऱ्हाईक विचारतं, “मेस्त्री, ही फट काय राहिली?” तेव्हा समजावून सांगायला वेळ नसतो आणि सांगितलं तरी ते सारवासारवीसारखं ऐकू येतं. जगाला सैल वाटणारं काम हातावेगळं करणं आणि त्याचे बोल खाऊन घेणं, हे मला फार धारिष्ट्याचं वाटतं. लेखकाला तेवढं जमत नाही. आम्ही वाक्यातली प्रत्येक फट विशेषणानं बुजवतो.

१९५९ साली फेविकॉल आलं. त्याआधी जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला सरस असे. तो शेगडीवर गरम करून लावायचा, त्याला वास यायचा, आणि ओल लागली की तो मऊ पडायचा. फेविकॉलनं सुताराची या शेगडीतून सुटका केली, त्याला मी नावं ठेवणार नाही. फक्त एवढंच की सरसाचा जोड ऊब आणि पाणी लावून सोडवता यायचा. आजोबांच्या खुर्चीचा पाय डगमगला तर ती खुर्ची उकलून पुन्हा जोडता येत असे. आजच्या डिंकानं जोडलेली खुर्ची मोडते तेव्हा जोडाच्या शेजारचं लाकूड मोडतं. पुढे प्लायवूडनं हा सगळा प्रश्नच मिटवला. लाकडाचे पापुद्रे एक उभा, एक आडवा असे चिकटवले की ते एकमेकांना धरून ठेवतात आणि हलणं जवळजवळ थांबतं. शहरातल्या सुताराला ऋतूंचा हिशेब आता फारसा करावा लागत नाही. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये काम करणारे कारागीर पुष्कळदा राजस्थानातून किंवा उत्तर प्रदेशातून आलेले असतात आणि चालू कामावरच मुक्काम करतात. त्यांना जागा सोडावी लागते ती भिंतीसाठी. बिल्डरनं बांधलेल्या कोपऱ्यात गुण्या लावून पाहिला तर काटकोन क्वचितच भेटतो. मग कपाट काटकोनात करायचं, भिंतीपासून थोडं लांब ठेवायचं आणि मधल्या वाकड्या फटीवर भिंतीच्या वळणाप्रमाणे तासलेली पट्टी मारायची. तेही कौशल्यच आहे, पण ते दुसऱ्याची चूक झाकण्यात खर्च होतं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं आणि रायगडपासून दापोलीपर्यंत बागाच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी तौक्ते वादळानं दक्षिणेकडे उरलंसुरलं पाहून घेतलं. ज्यांच्या दारचे जुने फणस पडले त्यांतल्या काहींनी ते सरपणाला न देता फळ्या चिरून घेतल्या. फणसाचं लाकूड चिरताना पिवळं धमक असतं, आणि पुढे वर्षानुवर्षं काळवंडत तांबूस तपकिरी होतं. पणजोबांनी लावलेल्या झाडाचं जेवणाचं टेबल, ही कल्पना मोठी सुखाची आहे. पण घाई अशी की महिनाभरात मेस्त्र्यांच्या पडवीत फळ्या येऊन पडल्या, आता करा. मेस्त्री म्हणाले, लाकूड मुरू दे. जुना हिशेब आहे, फळीच्या जाडीला इंचामागं एक वर्ष. दीड इंची फळी म्हणजे दीड वर्ष सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल अशी रचून ठेवायची. काहीजण थांबले. काहींनी दुसरा सुतार गाठला, आणि ती टेबलं मी पाहिली आहेत. त्यांच्यावर ताटली ठेवली की गोल फिरते.

फळ्या थांबवून ठेवण्यावरून लाकडाचं फर्निचर करणाऱ्या जॉर्ज नाकाशिमाची आठवण येते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन गावी १९०५ साली जपानी आईबापांच्या पोटी तो जन्मला. शिकला वास्तुशास्त्र, एमआयटीसारख्या ठिकाणी. मग तोक्योत वास्तुकार अँटोनिन रेमंड यांच्या कचेरीत लागला, आणि त्या कचेरीकडे पाँडिचेरीच्या श्रीअरविंद आश्रमाच्या ‘गोलकोंड’ या वसतिगृहाचं काम आलं तेव्हा त्याच्या देखरेखीसाठी भारतात आला. इथे तो नुसता देखरेख करून राहिला नाही, आश्रमाचा साधकच झाला. श्रीअरविंदांनी त्याला ‘सुंदरानंद’ असं नाव दिलं. गोलकोंडच्या खोल्यांसाठी त्यानं सागाचं फर्निचर आखलं. पुढे आयुष्यभर जे केलं त्याची सुरुवात ही अशी आपल्याकडे झाली. १९३९ मध्ये तो परत गेला. मग महायुद्ध, पर्ल हार्बर, आणि अमेरिकेतल्या जपानी वंशाच्या लोकांना सरकारनं छावण्यांत डांबलं. नाकाशिमा, त्याची बायको आणि तान्ही मुलगी मीरा १९४२ साली आयडाहोच्या मिनिडोका छावणीत जाऊन पडले.

त्या छावणीत त्याला गेंतारो हिकोगावा नावाचा सुतार भेटला. जपानी परंपरेत तयार झालेला, हातात हत्यार घेतलं की बोलायची गरज न पडणारा. एमआयटीचा पदवीधर या माणसाच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. लाकूड म्हणजे बांधकामातून उरलेले तुकडे आणि माळावरची झुडपं. पुढच्या वर्षी रेमंड यांनीच जामीन राहून त्याला पेनसिल्व्हेनियात न्यू होप इथे आपल्या शेतावर आणलं, आणि तिथेच त्याचा कारखाना उभा राहिला. त्याच्या टेबलांची कड झाडाची असेल तशीच राही, वेडीवाकडी. फळ्याला चीर पडलेली असली तरी तो ती बुजवत नसे. ती आणखी वाढू नये म्हणून तिच्या आडवी फुलपाखराच्या आकाराची लाकडी पट्टी बसवी, आणि चीर उघडी ठेवी. ओंडके वर्षानुवर्षं वखारीत पडून असत, गिऱ्हाईक आलं की त्याला फळ्या दाखवायच्या आणि त्यांतली कुठली त्याच्या घरात जाईल ते दोघांनी मिळून ठरवायचं. मग त्या फळीवर गिऱ्हाइकाचं नाव लिहिलं जाई. वस्तू तयार झाल्यावरही ते नाव खालच्या अंगाला राहत असे. स्वतःची सही करण्याचा त्याचा रिवाज बराच काळ नव्हता. आज लिलावात त्याच्या टेबलाला मोठी किंमत येते तेव्हा तज्ज्ञ लोक खाली वाकून त्या परक्या नावावरून टेबल खरं की खोटं ते ठरवतात. सुताराची ओळख गिऱ्हाइकाच्या नावावरून पटावी, हे मला भारी मौजेचं वाटतं.

१९६० च्या दशकात तो पुन्हा भारतात आला, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, आणि इथल्या कारागिरांकडून त्याच्या आराखड्यांवर काम झालं. १९९० साली तो गेला. छावणीत तान्ही असलेली मीरा मोठी होऊन त्याच कारखान्याची प्रमुख झाली.

त्याची नक्कल आता आपल्याकडेही आली आहे. मुंबईच्या शोरूममध्ये वेड्यावाकड्या कडेचे फळे उभे असतात आणि त्यांच्या मधोमध निळ्या रेझिनची नदी ओतलेली असते. दिसायला ती बरी दिसते. पण नाकाशिमा चीर उघडी ठेवत होता आणि हे लोक ती काठोकाठ भरतात. नक्कल करताना नेमकी मोकळी जागाच तेवढी गाळली गेली.

पैशांचं थोडं बोलायला हवं. सुताराशी घासाघीस करताना आपण लाकडाचे घनफूट आणि मजुरीचे दिवस मोजतो. वाया जाणारं लाकूड मोजत नाही, म्हणजे पांढरं, गाठीचं, चिरलेलं, जे चांगला सुतार बाजूला काढतो आणि वाईट सुतार पॉलिशखाली दडवतो. माप घेताना गेलेला चहाचा वेळ मोजत नाही. फळ्या पडवीत दीड वर्ष जागा अडवून बसल्या त्याचं भाडं तर कोणीच धरत नाही, खुद्द मेस्त्रीही नाही. २०२३ च्या विश्वकर्मा जयंतीला सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत अठरा व्यवसाय आहेत, त्यांत सुतार आहे. हत्यारांसाठी १५,००० रुपये आणि थोड्या व्याजाचं कर्ज मिळतं. चांगलं आहे. या मेस्त्र्यांचा मुलगा मात्र चिपळूणला मॉड्यूलर किचनवाल्याकडे नोकरी करतो आणि पगार महिन्याच्या महिन्याला घेतो. बापाला त्याचं वाईट वाटत नाही. “तिथं बोर्ड हलत नाय, डोक्याला ताप नाय,” असं ते म्हणतात, आणि ते उपरोधानं म्हणतात की खरोखरच, हे मला अजून कळलेलं नाही.

त्यांच्या एका गुणाचा उल्लेख राहिला. लाकडाला ते जेवढी सूट देतात त्याच्या कितीतरी पट स्वतःच्या तारखांना देतात. “आठ दिवसांत देतो” या वाक्यातल्या आठवर आजवर कोणी विश्वास ठेवल्याचं ऐकिवात नाही.

गेल्या आषाढात मी त्यांच्या पडवीत बसलो असताना फोन आला. पौषात करून दिलेल्या टेबलाचा वरचा खण अडकला होता, येऊन जरा रंधा मारून जा म्हणून. मेस्त्र्यांनी हातातली पटाशी खाली ठेवली. “वहिनी, आता रंधा मारला तर माघात तो खण आतल्या आत खडखडेल. तुम्हीच परत फोन कराल. मेणबत्ती घासा कडांना. दिवाळीनंतरही अडकला तर माझी चूक, फुकट करून देईन.” पलीकडून आवाज मोठा झाला. खणात गॅसचं पुस्तक होतं आणि सिलिंडर संपला होता.

“मग असं करा,” मेस्त्री म्हणाले, “खालचा खण पुरता बाहेर काढा. त्या जागेतून आत हात घाला आणि वरच्याला पाठीकडून ढकला. दोन खणांमध्ये फळी मी मुद्दामच घातलेली नाय.”